पिप्यांतले आलू

माझा नवरा टिनकाम करायचा, आणि गळकी वस्तू दिसली की त्याचं डोकं फिरायचं. शिरपुरात कोणाची बादली गळो, कंदिलाची टाकी पाझरो, तेलाचं माप ठिबको, सगळं आमच्या ओट्यावर यायचं. तो ते पाण्यानं भरायचा, उजेडाकडे धरायचा, बोटानं चाचपायचा आणि कथील वितळवून भोक बुजवायचा. मग गिऱ्हाइकाच्या हातात देताना ठरलेलं वाक्य, "एक थेंब गळनार नाई." (नवऱ्याला 'तो' म्हणते म्हणून नाक मुरडू नका. तोंडावर मी 'तुमी'च म्हणत होते, भांडताना तर हटकून.) घरात आमची हिंदी आणि वऱ्हाडीची खिचडी चालायची. पण मी मराठी शाळेत चार बुकं शिकलेली, म्हणून इथं सगळ्यांना वऱ्हाडीतच बोलवते.

दिवस लढाईचे होते. रॉकेल मिळायचं मारामारीनं, आणि त्याचे रिकामे पिपे तर दिसेनासेच झाले होते. पिपा म्हणजे तो चौकोनी टिनाचा डबा. तो कापून, ठोकून माझा नवरा चिमण्या, नरसाळी, मापं करायचा. आमचं पोट त्या पिप्यांवर होतं, म्हणून घरात कोणी पिप्यावर बसलं तरी तो खेकसायचा.

घरात आम्ही चौघंच. नवरा, मी, सासू आणि नणंद. सासूला आम्ही अम्मा म्हणायचो. अम्माचं मन साफ, पण तोंडाला झाकण नाही. मनात आलं की बाहेर. नणंद माझ्याहून वर्षभरानं लहान, उंच, धिप्पाड, आणि हसली की पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकायची. या हसण्यापायीच लग्नाची दोन ठिकाणं परत गेली होती. मी लग्न होऊन मेडशीहून आले, त्या पहिल्याच आठवड्यात वरणाचा अख्खा गंज माझ्या हातून पालथा झाला. अम्मा तोंड उघडणार, तोच ही मधे पडली, "माहा धक्का लागला तिले." धक्काबिक्का काही नव्हता, ती तर अंगणात होती! तेव्हापासून आमचं जे जमलं ते जमलं. दळायला आम्ही जात्याच्या दोन बाजूंना बसायचो, आणि दळणाबरोबर सगळं गाव दळून काढायचो. माझं माहेर सुटलं याचं मला पहिल्या महिन्यात रडू आलं असेल तेवढंच.

तर एकदा दिवाळीच्या आगेमागे रिठदची एक बाई आमच्याकडे आली. आमच्याच नात्यातली. पण तिच्या नवऱ्यानं टिनकाम सोडून भाजीपाल्याचा धंदा धरला होता आणि ही स्वतः बाजारात तराजू घेऊन बसायची. धाकटा मुलगा लग्नाचा होता. तिनं माझ्या नणंदेला उठवून पाहिलं, बसवून पाहिलं, हात उलटेपालटे करून पाहिले.

"पोरगी धडधाकट हाय," ती म्हणाली, "पन टिनवाल्याची हाय. आमच्या घरी रोपं, वाफे, माती. हिले ठणठण ऐकाची सवय. मातीत हात तरी घातला का हिनं कधी?"

झालं! अम्माला ते झोंबलं.

"मातीत?" अम्मा म्हणाली. "अवं, माह्यी पोरगी पिप्यात आलू पिकवते, पिप्यात!"

आम्ही दोघी एव्हाना दाराआड उभ्या. एकमेकींच्या तोंडाकडे पाहतच राहिलो. आमच्या अंगणात मिरचीचं रोपसुद्धा नव्हतं. जे उगवेल ते बकरी खायची.

"आसं?" पाहुणी म्हणाली. "मंग थंडी सरली का येतो आमी. तेच आलू खाऊ आन बात पक्की करू."

ती गेली आणि मी अम्माकडे वळले. "अम्मा, हे काय बोलून बसल्या तुमी?"

"निंगून गेलं तोंडातून," अम्मा म्हणाली. "आता तू पिकव."

"मी काहून?"

"तू मेडशीची. मेडशीले शेती असते."

"माहा बाप बांगड्या इकते मेडशीत!"

"बांगड्यावाल्याले शेजारी नसते का?" अम्माशी भांडणात मी कधी जिंकले नाही.

मी खरं म्हणजे हात झटकून मोकळी झाले असते. पण संध्याकाळी नणंद माझ्याजवळ येऊन बसली आणि हसली नाही. ती हसली नाही म्हणजे मामला गंभीर. तिनं त्या मुलाला एका लग्नात पाहिलं होतं. हिच्या डोक्यावर टोपली चढवून देताना त्यानं मान वर केली नव्हती, पण गालात हसला होता. एवढंच. "भाबी," ती म्हणाली, "दोन ठिकानं गेले तं मी कधी काही बोलली का? नाई बोलली. पन हे घर मले पायजे." मग मी कमरेला पदर खोचला.

शिरपुरात आलू मिळणं मुश्कील. अर्धं गाव जैनांचं, ते जमिनीखालचं खात नाहीत, म्हणून बाजारात आलू यायचेच मोजके. नवऱ्यानं वाशीमच्या बाजारातून आणले. त्यातले कोंब फुटलेले मी बाजूला काढले, डोळा धरून फोडी केल्या, कापलेल्या अंगाला चुलीची राख लावली. मेडशीच्या शेजारणी तेवढं करताना मी पाहिलं होतं, बाकी सगळं अल्लाच्या भरवशावर. आमच्याकडची काळी माती पाण्यानं चिखल होते आणि उन्हानं दगड. म्हणून तिच्यात नाल्याची रेती आणि उकिरड्याचं कुजलेलं खत घातलं. राहिले पिपे. नवऱ्यानं गंजलेले, पत्रा विरलेले पिपे काढून दिले, तेसुद्धा पोरगी सासरी पाठवताना करतात तसं तोंड करून.

मी एक पिपा पालथा घातला, खिळा धरला आणि बुडाला पहिलं भोक पाडलं. आवाज ऐकून तो ओट्यावरून धावतच आत आला.

"काय करून राह्यली तू?"

"भोकं पाडून राह्यली."

"पिप्याले भोकं? टिनवाल्याच्या घरी?"

"पानी निंगालं पायजे. नाईतर आलू सडतीन."

"मंग पानी कमी टाक ना!"

"हिवाळ्यात मावठा आला तं त्याले सांगान का तुमी, कमी पड म्हनून?"

"अवं, गिऱ्हाईक काय म्हनतीन? याच्या घरचे पिपे गळतात आन हा आमची बादली काय बुजवन!" त्याचा चेहरा खरंच पडला होता. मला हसू येत होतं आणि रागही.

अम्मानं तोडगा काढला. "पोरीचं लगन करतं का तुह्या पिप्याचं?" तो कबूल झाला. पण एक अट घातलीच. पिपे सरपणाच्या मागे ठेवायचे, ओट्यावरून दिसले नाही पाहिजेत. आणि मी त्याच्याकडून वचन घेतलं की माझ्या भोकांना हात लावायचा नाही.

पिपा अर्धाच भरायचा, फोड डोळा वर करून ठेवायची, वर चार बोटं माती. कोंब वर आला की त्याच्या गळ्यापर्यंत पुन्हा माती. तो आणखी वर आला की आणखी. आलू त्या दबलेल्या देठाला लागतात. नणंदेकडे पाणी घालण्याचं काम. ती तांब्या घेऊन गेली की अर्धा तास परत यायची नाही, रोपांशी बोलत बसायची. एका पिप्यातलं रोप मागे राहिलं तर त्याला म्हणायची, "काय रे बाप्पा, तुलेच लगन नाई पायजे का माह्यं?" पानं अशी तरारली की अम्मा रोज शेजारणींना बोलावून दाखवायची आणि त्या गेल्या की नजर लागेल म्हणून ओरडायची. शेवटी तिनं सरपणावर एक जुनी चप्पल टांगली. बकरीला ओट्याखाली बांधून टाकलं. ती दिवसभर तिथून निषेध करायची.

मग पांढरी फुलं आली आणि नेमका माझ्या आईला ताप भरला. मी मेडशीला गेले. जाताना नणंदेला बजावलं, बोट घालून उकरून पाहायचं नाही, पाणी बेतानं. आई उठून बसली तशी मी परतले. बैलबंडीतून उतरले तर नवरा ओट्यावर उभा, तोंडभर हसत. लग्नातसुद्धा एवढा हसला नव्हता.

"जा," म्हणाला, "आंगनात जाऊन पाय."

मी गेले. प्रत्येक पिप्याखाली एकेक नवी टिनाची परात होती. कोरी, चकचकीत, काठ दुमडलेले, कोपरे कथलानं असे बुजवलेले की नख फिरवलं तरी अडकू नये. आणि परात काठोकाठ पाण्यानं भरलेली. पिपे त्या पाण्यात उभे. पानं पिवळी, माना टाकलेल्या.

"तुह्या भोकाले हात नाई लावला," तो मागून म्हणाला. "पाव्हने येतीन तं आंगनात चिखल नको. बहीन माह्यी हाय, तिच्या भावाच्या घरी गळून राह्यलं आसं कोनी म्हनाले नको. पाय, एक थेंब गळत नाई!"

"पानं पिवळी पडली भाबी," नणंद म्हणाली, "म्हनून मी अजून पानी टाकत होती. मले वाटलं तहान लागली त्याइले."

मी काय बोलले ते लिहीत नाही, माझ्या नातवंडांनी वाचू नये असं आहे. एक परात उचलून पाण्यासकट भिरकावली, ती बकरीच्या पुढ्यात जाऊन पडली आणि बकरी दावं तोडून पळाली. "आलू हायत ते, मासे नाईत!" मी ओरडले. "बुडवलं तुमी पोरीले!"

'पोरीले' म्हटलं आणि तो चरकला. त्यानं बहिणीकडे पाहिलं. ती खाली मान घालून पिवळं पान बोटांत चुरत होती. तो ओट्यावर गेला, खिळा आणि हातोडी घेऊन आला, आणि आपल्याच हातानं केलेल्या त्या कोऱ्या परातींना भोकं पाडायला बसला. ओट्यावर कंदील घेऊन एक गिऱ्हाईक उभं होतं. ते वाकून आत पाहत होतं. यानं मान वर केली नाही. त्या दिवशी मला त्याचा राग राहिला नाही, सांगायला लाज कशाची.

पाणी ओसरलं. पण पानं काही सावरली नाहीत, वेळेआधीच वाळून पडली. आता आत काय असेल ते अल्लालाच माहीत. नणंदेचा हात सारखा मातीकडे जायचा आणि मी तो मारायचे. खरं म्हणजे मलाच पाहायची भीती वाटत होती. न पाहिलं तोवर निदान आशा होती.

आणि रिठदहून निरोप आला, शुक्रवारी येतो.

शुक्रवारी दुपारी बंडी दारात लागली. आम्ही दोघी हातपाय गाळून चुलीजवळ. अम्मा मात्र मजेत, ओठांत हसतेय. तिच्या कोपराला माती लागलेली पाहिली आणि मी तिला बाजूला ओढलं.

"अम्मा, काय केलं तुमी?"

"बंदोबस्त केला," अम्मा कानाशी लागली. "वाशीमहून आलू मागवले. सकायीच पुरून ठेवले पिप्यात. घाबरू नका."

अडवायला वेळच नव्हता. रिठदची बाई अंगणात येऊन पिप्यापाशी बसलीसुद्धा. नवरा दाराच्या चौकटीत. अम्मानं कोपरापर्यंत हात घातला आणि चांगला मुठीएवढा आलू काढला. मग दुसरा. जादूगारासारखी सगळ्यांना दाखवत होती.

पाहुणीनं एक हातात घेतला. फुंकर मारली. अंगठ्यानं सालीवर घासला. पुन्हा घासला. मग अम्माकडे पाहिलं.

"आजचा खनलेला आलू असन तं साल अंगठ्यानं निंगते," ती म्हणाली. "ह्याची नाई निंगत. हा महिनाभर पोत्यात होता. आन पोतं बहुतेक आमचंच असन. वाशीमले आमीच देतो."

अम्मा गप्प झालेली मी उभ्या जन्मात तेवढीच एकदा पाहिली. गेलं, म्हटलं, तिसरंही गेलं.

तेवढ्यात नणंद पुढे झाली. डोक्यावरचा पदर घट्ट केला, एक पिपा उचलला आणि पाहुणीच्या पुढ्यात पालथा केला. भपकन कुजका वास आला. दुसरा पालथा केला. त्यातही लगदा. पण तिसऱ्यात, मग चौथ्यात, मातीच्या ढेकळांत काहीतरी पिवळसर चमकलं. बोराएवढे, सुपारीएवढे, एखादा लिंबाएवढा. तिनं एक उचलून त्या बाईच्या तळहातावर ठेवला. अंगठा लागला आणि साल कागदासारखी सरकली.

"हे आमचे," नणंद म्हणाली. "आन मले येत नाई आलू पिकवाले. अम्मानं तोंडानं पिकवले, भाईनं पान्यात बुडवले, भाबीनं वाचवले. मी पानी टाकलं, तेबी जास्तच टाकलं. आता काय म्हनाचं ते म्हना."

आणि तिला हसू फुटलं. तेच ते, गल्लीतली कुत्री भुंकतील असं. मला वाटलं, हिची जीभ हासडावी.

पाहुणी हसली नाही. माझ्याकडे वळली. "तू काहून एवढी खपली वं? ननद हाय तुही. गेली तं तुलेच बरं. घर मोकळं, चूल मोकळी."

मला काय झालं कोण जाणे. सगळ्या हिवाळ्याचा राग एकदम वर आला. "कोनाले बरं?" मी म्हटलं. "मले नाई बरं! आमाले काही जड नाई झाली ते. तुमाले पायजे नसन तं नका नेऊ. माह्यासंगं राहीन. दळन दळाले मले मानूस लागते." नवरा चौकटीतून खुणा करत होता, चूप बस, चूप बस. मी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

ती बाई गुडघ्यावर हात टेकून उठली.

"आलू तं मी टोपल्यानं इकते," ती अम्माला म्हणाली. "मले आलू कायले पायजेत? माह्या घरी दोन सुना हायत, तोंड नाई पाहत एकमेकीचं. जिच्यासाठी भावजय भांडते, ते पोरगी कोनासंगंबी नांदन. आना गूळ. बात पक्की."

मग काय धांदल! अम्माची जीभ परत आली आणि रात्रीपर्यंत थांबली नाही. नवरा गूळ आणायला धावला, तो चप्पल न घालताच. आम्ही दोघींनी ते बारके आलू अंगठ्यानंच सोलले, तिखट-मीठ आणि तेलात परतले, पाहुण्यांना वाढले. पिप्यातले म्हणून सगळ्यांनी वाखाणले. बंडी उन्हं उतरताना गेली. जाताना ती बाई सांगून गेली, ईद झाली की लग्न, उशीर नको.

सगळ्यांचं झाल्यावर आम्ही दोघी एका ताटात बसलो, नेहमीसारख्या. आलू थोडेच उरले होते. नणंद बोलत होती, थांबतच नव्हती. रिठदला विहीर घरातच आहे म्हणे, आणि मळ्यात म्हणे आंब्याचं झाड. मी हं हं करत होते. रिठद काही जवळ नाही. बंडीनं दिवस मोडतो. सासरी गेलेली पोर येते ती ईदला, फार तर बाळंतपणाला. हे मला काय माहीत नव्हतं? मी मेडशीहून आलेलीच होते ना! पण सगळा हिवाळा मी फक्त माती आणि पाणी पाहत राहिले. आणि तिला नेतायत ती कशापायी? आमचं दोघींचं जमतं म्हणून.

तिनं उरलेल्यातला सगळ्यात मोठा आलू माझ्या पुढ्यात सारला. मी तोंडात घातला. तो तसाच गालात धरून बसले.

"काय झालं वं भाबी?"

"मीठ जास्त झालं," मी रागानंच म्हटलं.

तिनं एक घास घेतला. सावकाश चावला.

"नाई झालं," ती म्हणाली. आणि मग तिचाही हात ताटातच राहिला.